नाव विचारण्याची रीत

आमच्या बुन्योरोत भेटल्यावर आधी एम्पाको विचारतात.
कुळ नंतर, गाव नंतर,
आधी डझनभर लाडक्या नावांतलं तुझं कोणतं, ते सांग.
मी अब्वोली. तू?
मग हातात हात, मग ख्यालीखुशाली.
नाव न विचारता ताट वाढलं
तर आई म्हणायची, जेवायला कोण बसलंय, भूत?

रक्तातही हीच रीत.
पेशी येते, समोरच्याची बाही चाचपते,
विचारते, कोण रे तू?

आणि हा चपटा किडा
उन्हं चढली की गोगलगायीतून सुटतो,
पोटरीच्या कातडीतून आत शिरताना
शेपटी बाहेरच टाकतो, दारात चपला काढाव्यात तशी.
फुफ्फुसातून यकृतात, यकृतातून आतड्याच्या शिरेत,
आणि वाटेत आपल्याच रक्ताचे कपटे उचलून
अंगावर पांघरत जातो.
पेशी विचारते, कोण?
तो म्हणतो, अब्वोली.
अगदी माझ्या आवाजात.

मग वर्षानुवर्षं राहतो. जोडीनं.
नर मादीला कुशीच्या खोबणीत धरून,
ती रोज शेकडो अंडी घालते,
प्रत्येक अंड्याला कडेला एक काटा.
एवढा टिकलेला संसार मी कुणाचा पाहिला नाही,
माझा तर नाहीच.

अकरा वर्षं म्वितानझिगेच्या काठी येते आहे.
वाळूवर मुझिरी मासळी वाळत असते, तिच्या शेजारी
माझं टेबल, सेंट्रिफ्यूज, धापा टाकणारा जनरेटर.
ओनेनचान सगळ्यांत आधी हात पुढे करतो.
साठ वर्षं गुडघाभर पाण्यात काढलेला कोळी.
तो अलूर, त्यांच्यात एम्पाको नसतो,
पण त्यानं माझ्याकडून मागून घेतला : अराली.
त्याच्या रक्तात आयजीई इतकं
की आलेखाची रेघ कागदाबाहेर जाते.
शेजारी नातू उरिंगी, नऊ वर्षांचा.
गोळ्या घेऊन दोन महिने होत नाहीत
तोवर त्याच्या काचेवर पुन्हा तीच काटेरी अंडी.
एकच तळं, एकच होडी.

आजोबाला का होत नाही, उरिंगी विचारतो.
मी सांगते :
जिवंत किडा तोंड उघडत नाही.
तो मरतो, फाटतो, आतलं सगळं बाहेर सांडतं,
तेव्हा कुठे रक्ताला त्याचं खरं नाव कळतं.
तुझ्या आजोबाच्या अंगात
कितीतरी किडे म्हातारे होऊन मेलेत.
तुझे अजून तरुण आहेत.
गोळी त्यांना एका दुपारी मारते,
म्हणजे तू घाईघाईनं थोडं शिकतोस.
किती थोडं?
यावर माझ्याकडे आलेख आहे, उत्तर नाही.

परवा नव्या पोराला सूक्ष्मदर्शक शिकवायचा होता.
निरोगी नमुना म्हणून
मी माझीच काच ठेवली.
हिरव्या पारदर्शक कागदाखाली,
कोपऱ्यात,
एक अंडं. काटा डावीकडे.

अकरा वर्षं गमबूट आहेत माझ्याकडे.
एकदाच काढले असतील. किंवा दहादा.
उकाडा असतो.

उरिंगीनंच मला उंचीच्या काठीला उभं केलं.
टाचा टेक, म्हणाला. मोजलं : चार गोळ्या.
कडू, जिभेवर साबण रेंगाळावा तशा.
ओनेनचान हसला, आज पोटात भांडण होणार,
काहीतरी खाऊन झोप.
वहीत नावाचा रकाना नाही, समितीचा नियम,
फक्त आकडा.
उरिंगीनं आकडा लिहिला, मग वर बघून
मोठ्या माणसासारखं विचारलं,
एम्पाको?

रात्री खरंच दुखलं.
जनरेटर बंद, पाण्यावर होड्यांचे दिवे,
आणि आत कुणीतरी, इतक्या वर्षांनी,
अंगावरचं पांघरूण सोडत होतं.